सिद्धेश्वरीच्या गाडीतला कॅमेरा

सिद्धेश्वरीला चिडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते पाण्याच्या बाटलीवरून. वडिलांना डायलिसिसला नेण्यासाठी तिची गाडी आम्ही नुकतीच लावली होती. एप्रिल महिना. कुंभारी मागे टाकून सोलापूरकडे निघालो होतो. घसा सुकला म्हणून मी पर्समधली बाटली काढली आणि प्यायले. तिने आरशात पाहिलं, गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

"ताई, पाणी प्यायचं आसंल तर खाली उतरून प्या. ह्या मानसांना गिलास मोजून पाणी मिळतंय. त्यांच्या म्होरं बाटली तोंडाला लावू नका."

वडील खिडकीबाहेर बघत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागही आला, की ही ड्रायव्हर, मला शिकवते. पण ती शिकवत नव्हती. तिला ते माहीत होतं, कारण तिचा नवरा बसवेश त्यातूनच गेला होता.

बसवेशची दोन्ही मूत्रपिंडं गेली तेव्हा सिद्धेश्वरी पस्तिशीची होती. एसटीच्या धक्क्यांनी आणि डायलिसिसनंतरच्या चक्करांनी तो बेजार व्हायचा, म्हणून दोघांनी एक जुनी पांढरी सात सीटची गाडी घेतली. जाताना बसवेश चालवायचा. येताना त्याच्या अंगात स्टेअरिंग धरायचंही बळ नसायचं, म्हणून ती शिकली. अक्कलकोट रोडवर, ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांच्या मधून, शेजारी अर्धवट डोळे मिटून बसलेला नवरा सांगेल तसं. वाटेवरच्या गावांतले इतर पेशंटही बरोबर येऊ लागले. बसवेश गेला त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांच्यापैकीच कुणीतरी तिला फोन करून विचारलं, की आता आम्ही कसं जायचं. तेव्हापासून ती रोज जाते. मागच्या सीटवर घडी घातलेल्या चादरी ठेवते, कारण डायलिसिस झालं की भर उन्हाळ्यातही माणसाला हुडहुडी भरते.

वडिलांचे वार मंगळवार आणि शुक्रवार. त्याच फेरीत वळसंगच्या चंद्रव्वा असायच्या. साठी उलटलेली बाई, नाकात जुनी मोरणी, मराठीत सुरुवात करून कानडीत संपवणारी बोली. सिद्धेश्वरीला त्या 'सिद्धू' म्हणायच्या. अर्धा वेळ गप्प आणि अर्धा वेळ मुलाची तक्रार करत प्रवास करायच्या. मुलगा चनबसप्पा, गावात खताचं दुकान. वाईट नव्हता. आईला वेळेवर गाडीत बसवायचा, औषधं आणायचा. पण एका गोष्टीत तो दगड होता. त्याच्या धाकट्या बहिणीने, महानंदाने, दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं आणि त्या दिवसापासून घरात तिचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं. चंद्रव्वांनाही लेकीला भेटायची बंदी झाली.

महानंदा सोलापुरातच राहायची. दर शुक्रवारी ती दवाखान्यात येऊन आईच्या कॉटशेजारी बसायची. गाव तिथे नव्हतं, भाऊ तिथे नव्हता. आईच्या हातात सुई असायची आणि दुसरा हात लेकीच्या हातात. कधी तिला उशीर झाला तर सिद्धेश्वरी वाट वाकडी करून तिला गाडीत घ्यायची. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं, एवढंच.

मग गाडीत कॅमेरा आला.

बसवेशचा भाऊ शिवू याचं होटगी रोडला दुकान आहे. गाड्यांची सीटकव्हरं, स्पीकर, काचांच्या फिल्मा आणि अलीकडे डॅशकॅम. सिद्धेश्वरी त्याला 'भावजी' म्हणायची, अहोजाहो करायची. एका बाईकवाल्याने तिच्या गाडीला घासून तिच्याशीच भांडण काढलं, तेव्हा शिवू म्हणाला, "वैनी, कॅमेरा बसवूया. पुरावा ऱ्हातोय. तुमी एकट्या बाई फिरताय." तिला पटलं. मलाही पटलं. आरशामागे एक काळी डबी आली, तिला दोन डोळे, एक रस्त्याकडे आणि एक आमच्याकडे. आतला कशाला, असं वडिलांनी विचारलं तर शिवू हसून म्हणाला, "काका, कंपनीचा सेटच तसा येतोय."

महिन्याभरातच एकदा शिवू तिच्या घरी जेवायला आला आणि सहज म्हणाला, की परवा कुंभारीच्या पुढं गाडी बराच वेळ उभी होती, आणि फोनवर तुम्ही कुणाशी एवढं हसत होता. सिद्धेश्वरीची तव्यावरची भाकरी करपली. हे तिने दुसऱ्या दिवशी आम्हाला गाडीत सांगितलं, कॅमेऱ्याकडे बोट दाखवत.

"त्येच्या फोनात दिसतंय सगळं. आवाजासकट. मला सांगितलं न्हाई. मी माझ्या बहिणीशी बोलायलते, तर ह्यानं घरी बसून ऐकलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हनलं, भावजी, हे बंद कसं करायचं? मला न्हाई चालत. तर म्हनले, वैनी, एवढं काय त्येच्यात, बाजूचं बटन दाबा की, बंद होतंय. दाबलं. झालं बंद."

आम्ही पाहिलं. स्क्रीन काळी होती. वडिलांनी मान डोलावली. चंद्रव्वांनी "बरं झालं यव्वा" म्हणून पदर सारखा केला. त्या दिवसापासून सिद्धेश्वरी रोज सकाळी गाडी सुरू केली की आधी ते बटण दाबायची आणि मग पहिला गिअर टाकायची.

त्यानंतरच्या एका शुक्रवारी महानंदाला आम्ही रस्त्यात घेतलं. तिच्या कडेवर तिची मुलगी होती, वर्षाचीही नसेल. चंद्रव्वांनी नात पहिल्यांदाच पाहिली. तिला मांडीवर घेतलं, तिच्या तळपायांचे मुके घेतले आणि रडल्या. मग लेकीला कानडीत, मधेच मराठीत सांगत राहिल्या, की चनबसला कळू देऊ नको, तो तुझ्या नवऱ्याच्या अंगावर जाईल. आणि मी मेले की मात्र कुणाचं ऐकू नको, सरळ दारात ये, मला पाणी तूच पाज. मी खिडकीबाहेर बघत होते. सिद्धेश्वरीने आरसा वर फिरवला, म्हणजे मागचं तिला दिसू नये.

पुढच्या मंगळवारी चंद्रव्वा थांब्यावर नव्हत्या. फोन बंद. शुक्रवारीही नव्हत्या. डायलिसिस चुकवणं म्हणजे काय हे त्या गाडीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. अंगात पाणी साचतं, श्वास लागतो, आणि मग हृदय. सिद्धेश्वरी मागे वळून वडिलांना म्हणाली, "काका, तुमाला थोडा उशीर होईल. मी आत गावात जाऊन येते." वडील म्हणाले, "जा पोरी, चल."

चनबसप्पा दारातच उभा होता. गाडी पाहून पुढे आला. मी काच खाली केली होती, सगळं ऐकू येत होतं.

"अव्वा कुटं हाय?" सिद्धेश्वरीने विचारलं.

"तुमच्या गाडीत यायची न्हाई ती आता."

"माझ्या गाडीत नको. दुसऱ्या गाडीतनं न्या. दोन डायलिसिस चुकलेत."

"बघतो मी. दुसरा दवाखाना बघायलोय. तितं कोन येऊन बसनार न्हाई आसा." मग तो थांबला आणि त्याने खिशातून फोन काढला. "मला वाटलं, इधवा बाई हाय, कष्ट करून खाती. आणि तुमी दलाली करताय व्हय माझ्या घरात?"

त्याने फोन तिच्यापुढे धरला. त्यातून चंद्रव्वांचा आवाज आला. चनबसला कळू देऊ नको. मग बाळाचं हसणं. मग आमच्या गाडीचा हॉर्न.

मी सिद्धेश्वरीचा चेहरा पाहिला. मला वाटलं ती ओरडेल. तिने एवढंच विचारलं.

"हे तुमाला कुनी दिलं?"

"शिवूनं पाठवलं. जुनी वळख हाय आमची. त्येला आमच्या घराची काळजी हाय, तुमाला न्हाई."

"बरं. त्येचं मी बघते. आदी अव्वाला बघू द्या."

तो आडवा झाला, पण ती त्याच्या बाजूने आत शिरली. मीही उतरून मागे गेले. चंद्रव्वा भिंतीला टेकून बसल्या होत्या, कारण आडवं झालं की त्यांना श्वास घेता येत नव्हता. चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते. पायावर बोट दाबलं तर खड्डा पडून राहायचा. सिद्धेश्वरी चनबसप्पाकडे वळली. आवाज चढवला नाही तिने, पण असा आवाज मी माणसाचा कधी ऐकला नव्हता.

"चनबसप्पा, माझा नवरा आसाच बसलेला आसायचा. मला म्हाईत हाय ह्येच्या म्होरं काय आसतंय. तुजं माजं भांडन उद्या करू, गावाला गोळा करून करू. आत्ता उचल तिला."

त्याने उचललं. आईला दोन्ही हातांवर घेऊन तो गाडीत बसला, आणि दवाखान्यापर्यंत तिला टेकवून धरून राहिला. चंद्रव्वांना थेट अतिदक्षता विभागात घेतलं.

वडिलांना मशीनवर लावल्यावर मी बाहेर आले, तर सिद्धेश्वरी गाडीत बसून त्या काळ्या डबीकडे बघत होती. स्क्रीन काळीच होती. तिने हात घालून वायर पकडली आणि ओढणार तोच मी म्हणाले, "थांबा. कुणाला तरी दाखवूया आधी." का म्हणाले माहीत नाही. वायर तुटून पुन्हा काही राहून जाईल ही भीती असावी. बंद केलेली वस्तू बंद नसते हे आम्ही नुकतंच पाहिलं होतं.

एमआयडीसीत, मी काम करते त्या टॉवेलच्या कारखान्याच्या अलीकडे, निंगप्पा नावाच्या इलेक्ट्रिशियनचं गॅरेज आहे. सिद्धेश्वरीच्या गाडीची कामं तोच करतो, म्हणून वडील मशीनवर असेपर्यंत आम्ही तिकडे गेलो. त्याने कॅमेऱ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "चालू हाय की हो हा."

"बंद केलाय. रोज बंद करते मी."

"ह्यो कोपऱ्यातला दिवा बघा. लुकलुकतोय का? मग चालू हाय. हे बटन नुसतं दाबलं की पडदा तेवढा काळा होतोय. मागं सगळं चालूच ऱ्हातंय, चित्रं पन, आवाज पन."

सिद्धेश्वरीने विचारलं, "जो मानूस हे इकतोय, त्येला हे म्हाईत आसतंय?"

निंगप्पाने तिच्याकडे पाहिलं. कॅमेरा कुणी बसवला ते त्याला माहीत होतं. त्याने खांदे वर केले. "बसवनाऱ्याला म्हाईत नसंल तर कुनाला म्हाईत आसनार अक्का."

तिने पुन्हा वायरीला हात घातला. त्याने तिचा हात थांबवला.

"हिसडू नका. आत लिहायचं काम चालू आसतंय, मधेच वीज तोडली की कार्ड खराब होतंय. तुमाला उद्या कुनाला दाखवायचं झालं तर काय दाखवनार? आदी बंद करा. मग कार्ड. मग वायर."

"मला सांग. मी करते. तू हात लावू नको."

त्याने सांगितलं तसं तिने केलं. बटण दाबून धरलं, एक बारीक सूर वाजून कोपऱ्यातला दिवा विझेपर्यंत धरूनच ठेवलं. मग तिने विचारलं, "झालं?" निंगप्पा म्हणाला, "न्हाई. आता गाडीची चावी फिरवून बघा." तिने फिरवली आणि डबी टुण्णकन जागी झाली. चावी काढली तरी ती जागीच राहिली. "वायर फ्यूजच्या डब्यातनं घेतलीय, थेट बॅटरीवर. म्हंजे तुमची गाडी रातभर दारात उभी आसली तरी ह्यो बघत आसतोय. उभ्या गाडीला कुनी ठोकलं तर कळावं, म्हनून आसतंय तसं."

"दारात," सिद्धेश्वरी म्हणाली. तिची गाडी घरासमोर उभी असते, तोंड दरवाज्याकडे करून. ती सकाळी तिथे वेणी घालते.

मग एकेक करत त्यांनी सगळं केलं. सेटिंगमध्ये जाऊन उभ्या गाडीचं रेकॉर्डिंग बंद केलं, माइक बंद केला. पुन्हा दाबून धरून कॅमेरा विझवला. दिवा गेल्यावरच कार्ड काढलं, ते तिने पर्सच्या आतल्या कप्प्यात घातलं. बाजूच्या खाचेत एक सिमकार्ड निघालं. तिला ते आत आहे हेच माहीत नव्हतं. शेवटी डाव्या पायाजवळचं झाकण उघडून फ्यूजमधली जोडणी सोडवली. चावी फिरवली. डबी मेलेलीच राहिली. पुन्हा फिरवली. तिने कोपऱ्यातल्या दिव्यावर बोट ठेवून बघितलं, जणू तो बोटाखाली लुकलुकेल.

"आता एक ऱ्हायलं," निंगप्पा म्हणाला. "तुमच्या भावजींच्या फोनातलं. ते मी हितनं काढू शकत न्हाई. ज्येच्या नावानं जोडलाय त्येनंच काढायला पायजे."

आम्ही होटगी रोडला गेलो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. शिवूने "या वैनी, चहा सांगू?" म्हणून खुर्ची पुढे केली. सिद्धेश्वरीने डबी काउंटरवर ठेवली, वायरींसकट.

"चंद्रव्वा आयसीयूत हाय," ती म्हणाली.

त्याने गिऱ्हाइकांकडे पाहिलं. "आत बसून बोलूया का?"

"आत काय हाय? माझ्या गाडीतलं तू साऱ्या गावाला ऐकवलंस. आता गावानं आपलं बी ऐकू दे, शिवू."

मी दोघांनाही ओळखत होते. आजवर तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती. तोही चपापला.

"वैनी, मी वाईट काय केलं? त्यांच्या घरातलं त्यांना सांगितलं. उद्या तेच्यावरनं मारामारी झाली आसती तर तुमचं नाव आलं आसतं. दादा न्हाईत. लोक मला इचारत्यात, तुमची वैनी दिवसभर कुटं आसती, कुनाला घेऊन फिरती."

"लोकांनी इचारलं तर माझ्याकडं पाठीव. मी सांगते. मला दोन पाय हायत, तोंड हाय."

"तुमच्या सुरक्षेसाठीच बसवला होता."

"मी तुला इचारलं, बंद कसं करायचं. इचारलं का न्हाई?"

त्याने काउंटरवरची डबी बाजूला सरकवली.

"तू रोज हे इकतोस. तुला म्हाईत होतं. तरी तू मला पडदा झाकायचं बटन दाखवलंस. मी रोज सकाळी ते दाबायची आणि ह्या लोकांना सांगायची, बोला, बंद हाय. माझ्या तोंडानं तू त्यांना फसवलंस." इथे तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "त्या म्हातारीनं माझ्या भरवशावर तोंड उघडलं, तुझ्या न्हाई."

गिऱ्हाइकं निघून गेली. शिवूने फोन काढला. आपल्या डोळ्यांदेखत त्याने ते ॲप उघडावं, तिच्या गाडीचा कॅमेरा काढून टाकावा, साठवलेलं सगळं पुसावं, असं ती म्हणाली. त्याने ते केलं. करताना त्याचे कान लाल झाले होते. शेवटी म्हणाला, "चनबसकडं गेलेलं मी परत आनू शकत न्हाई."

"व्हय," ती म्हणाली. "त्येच तर."

मी तिला पोलिसांत तक्रार करायला सांगितलं. मला अजूनही वाटतं करायला हवी होती. ती म्हणाली, "तक्रारीत महानंदाचं नाव लिहावं लागंल, तिच्या पोरीचं लिहावं लागंल. परत तेच. सगळ्यांनी वाचायचं." कार्ड तिने जपून ठेवलंय. शिवूशी ती बोलत नाही. घरच्या कार्याला जाते, जेवते, त्याच्यासमोरून ताट उचलून निघून येते. तिच्या सासरची माणसं मला म्हणाली, तिला सांगा, एवढा राग बरा नव्हे, चूक माणसाकडूनच होते. मी नाही सांगितलं. ते बटण त्याने चुकून दाखवलं नव्हतं.

चंद्रव्वा वाचल्या. दवाखान्यातून सुटल्यावर पुन्हा आमच्याच फेरीत यायला लागल्या, कारण वळसंगहून त्या वेळेला दुसरी सोय नव्हतीच. फरक एवढाच, की आता चनबसप्पाही बरोबर येतो. पुढच्या सीटवर बसतो, हाताची घडी घालून. पहिल्या काही फेऱ्यांना महानंदा आली नाही. मग एका शुक्रवारी आली. मुलीला घेऊन सरळ वॉर्डात शिरली आणि कॉटच्या पलीकडे उभी राहिली. चनबसप्पा खुर्चीवर होता. मला वाटलं आता होतंय काहीतरी. तो उठला, बहिणीकडे न बघता बाहेर गेला आणि मशीन थांबेपर्यंत परत आला नाही. त्यानंतर दर शुक्रवारी तो तसाच उठून बाहेर जातो. बोलत नाही, अडवतही नाही. चंद्रव्वा म्हणतात, एवढं पुष्कळ. सिद्धेश्वरी म्हणते, एवढ्यासाठी मरणाच्या दारात जावं लागलं म्हातारीला, पुष्कळ कसलं.

गेल्या पावसाळ्यात एका टेम्पोने तिच्या गाडीचा मागचा दिवा फोडला आणि ड्रायव्हरने साफ कानावर हात ठेवले. सगळे म्हणाले, कॅमेरा असता तर. तिने निंगप्पाकडून नवा दिवा बसवून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला आमच्या दारात हॉर्न वाजवला.